विश्लेषण : नकाशामुळे बदनाम झालेले मर्केटर मुळात कागदी पृथ्वीगोलाचे कारागीर… ते कसे?

शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. त्यात वरच्या टोकाला पांढरेशुभ्र, अवाढव्य ग्रीनलँड दिसते आणि भारत त्याच्यापुढे लहानसा वाटतो. प्रत्यक्षात ग्रीनलँडचे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आहे, तर भारताचे सुमारे ३२.९ लाख. म्हणजे भारत दीडपट मोठा. आफ्रिका तर ग्रीनलँडच्या सुमारे १४ पट आहे, पण नकाशात दोन्ही जवळपास सारखेच वाटतात. या गोंधळाचे खापर साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या माथी फोडले जाते. त्यांचे नाव गेरार्डस मर्केटर. मात्र हेच मर्केटर आयुष्यातील मोठा काळ कागद, खळ, प्लास्टर आणि रंग वापरून पृथ्वीचे गोल बनवत होते. पृथ्वी सपाट कागदावर मावत नाही, हे त्यांच्याइतके हाताने अनुभवलेले माणसे त्या काळी थोडीच होती. त्यांच्या या कमी परिचित आयुष्याविषयी…

मर्केटर यांचे नाव आज चर्चेत का?

मर्केटर यांनी १५६९ मध्ये तयार केलेल्या नकाशाची पद्धत आजही वापरात आहे. भूगोलाच्या भाषेत तिला मर्केटर प्रक्षेपण म्हणतात. मोबाइलमधील बहुतेक नकाशे तिच्याच सुधारित रूपावर चालतात. गल्लीबोळ, चौक आणि वळणे यांचे कोन तिच्यात बिघडत नाहीत, हे त्याचे कारण. मात्र संपूर्ण जग एका चौकटीत पाहायचे झाले, की ध्रुवांजवळचे देश फुगतात आणि विषुववृत्ताजवळचे देश त्यांच्यापुढे खुजे दिसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी महासंघाने या नकाशाचा वापर थांबवण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. आपला खंड नकाशात लहान दिसतो, म्हणून तो जगाच्या विचारातही लहान ठरतो, अशी तक्रार त्यामागे आहे. तक्रार रास्त आहे. पण नकाशा ज्याने केला, त्याला हे ठाऊक नव्हते का? याचे उत्तर त्यांच्या कारखान्यात सापडते.

जोडे शिवणाऱ्याचा मुलगा लुवेनला कसा पोहोचला?

मर्केटर यांचा जन्म ५ मार्च १५१२ रोजी आजच्या बेल्जियममधील रुपेलमोंड या नदीकाठच्या गावात झाला. वडील ह्युबर्ट क्रेमर जोडे शिवत. कुटुंब मूळचे जर्मन भाषिक प्रदेशातील गांगेल्टचे, हातावर पोट असलेले. गेरार्ड हे सातवे अपत्य. गावातील धर्मगुरू असलेले चुलते गिस्बर्ट यांचा या कुटुंबाला आधार होता. वडिलांच्या निधनानंतर मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांनीच घेतली आणि त्याला डेन बॉश येथील धर्मसंघाच्या शाळेत घातले. हस्तलिखितांच्या सुबक नकला करणे हे त्या संघाचे परंपरेने चालत आलेले काम. वळणदार अक्षराची गोडी मर्केटर यांना तिथेच लागली असावी.

१५३० मध्ये ते लुवेन विद्यापीठात गरीब विद्यार्थी म्हणून दाखल झाले. त्यांनी तेव्हाच्या विद्वानांच्या रीतीप्रमाणे आपले नाव लॅटिनमध्ये बदलून घेतले. क्रेमर म्हणजे व्यापारी, लॅटिनमध्ये मर्केटर. १५३२ मध्ये पदवी मिळाली. मात्र जगाच्या उत्पत्तीबद्दल अरिस्टॉटलचे म्हणणे आणि बायबलमधील कथा यांचा मेळ त्यांना बसवता येईना. काही काळ ते लुवेन सोडून अँटवर्पकडे गेले. परतले ते तत्त्वज्ञान मागे ठेवून गणित आणि भूगोल शिकायचे ठरवूनच. त्यातून पोटही भरले पाहिजे, ही विवंचना होतीच.

पृथ्वीगोलाशी गाठ कशी पडली?

लुवेनमध्ये तेव्हा गेमा फ्रिसियस हे तरुण गणितज्ञ आणि वैद्य होते. त्यांना पृथ्वीचा नवा गोल काढायचा होता. त्यांच्या जोडीला गास्पार व्हान डर हेडन हे सोनार आणि कोरीवकाम करणारे कारागीर होते. मर्केटर या दोघांत सामील झाले. एकाकडून त्यांनी गणित घेतले, दुसऱ्याकडून तांब्यावर कोरणी चालवण्याचे कसब.

त्याआधीचे गोल कसे होते, हे पाहिले म्हणजे या तिघांच्या कामाचे मोल कळते. आज शिल्लक असलेला सर्वात जुना पृथ्वीगोल न्यूरेंबर्गमध्ये १४९२ मध्ये मार्टिन बेहाइम यांच्या देखरेखीखाली तयार झाला. तो हाताने रंगवलेला, म्हणजे एकच. दुसरा हवा असेल तर सगळे काम पहिल्यापासून करावे लागणार. त्यानंतर १५०७ मध्ये मार्टिन वाल्डसेम्युलर यांनी लाकडी ठशांवरून कागदावर छापलेल्या १२ पट्ट्या काढल्या. त्या कापून गोळ्यावर चिकटवल्या की गोल तयार. छपाईमुळे एकाच ठशावरून कितीतरी गोल निघू लागले. पण लाकडात बारीक अक्षर कोरता येत नाही. तांब्याच्या पत्र्यावर ते येते.

फ्रिसियस यांचा हा तांब्यावर कोरलेला गोल १५३६ च्या सुमारास तयार झाला. त्यावरील अक्षरे कोरली मर्केटर यांनी, तीही उजवीकडे झुकलेल्या इटालिक वळणात. हे वळण जागा कमी घेते आणि वाचायला सोपे असते. पत्र्यावर प्रत्येक अक्षर उलटे, आरशात दिसते तसे कोरावे लागते. एक रेघ चुकली तर तांबे ठोकून, घासून पुन्हा सपाट करावे लागते. पुढे १५४० मध्ये मर्केटर यांनी या अक्षरवळणावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. दरम्यान १५३६ मध्ये त्यांचा बार्बरा शेलेकेन यांच्याशी विवाह झाला. त्यांना तीन मुलगे आणि तीन मुली झाल्या. तिन्ही मुलगे पुढे वडिलांच्याच कामात आले.

कागदाचा गोल बनतो कसा?

संत्रे सोलून साल टेबलावर सपाट दाबून पाहा. ती फाटते. उलट बाजूने, सपाट कागद चेंडूला गुंडाळा. त्याला चुण्या पडतात. गोल बनवणाऱ्या प्रत्येक कारागिराची अडचण हीच. त्यावर उपाय म्हणजे कागदाच्या निमुळत्या पाकळ्या. मध्ये रुंद, दोन्ही टोकांना अणकुचीदार. पाकळी जितकी अरुंद, तितकी ती गोळ्यावर नीट बसते. पण पाकळ्या वाढल्या की सांधे वाढतात आणि सांधा आला की रेघ जुळवण्याची कटकट आली. बारा पाकळ्या हा त्यातला मधला मार्ग. पृथ्वीचे ३६० अंश भागिले १२, म्हणजे एका पाकळीत ३० रेखांश.

मर्केटर यांनी स्वतःचा पृथ्वीगोल १५४१ मध्ये बाजारात आणला. त्याचा व्यास सुमारे ४२ सेंटीमीटर होता. म्हणजे घेर सुमारे १३२ सेंटीमीटर आणि विषुववृत्तावर प्रत्येक पाकळीची रुंदी सुमारे ११ सेंटीमीटर. पुढचा हिशेब त्रिकोणमितीचा. विषुववृत्तावरची रुंदी गुणिले अक्षांशाची कोज्या, की त्या जागेची रुंदी मिळते. ६० अक्षांशांवर ती निम्मी, म्हणजे साडेपाच सेंटीमीटर होते. ७० अक्षांशांवर उरतात जेमतेम पावणेचार सेंटीमीटर. तिथून पुढे बारा टोके एका बिंदूत जुळवणे म्हणजे कसोटीच. ओल्या कागदाची टोके सुरकुततात, एकमेकांवर चढतात आणि नेमका ध्रुवच विद्रूप होतो.

मर्केटर यांनी यावर साधी युक्ती केली. पाकळ्या ध्रुवापर्यंत नेल्याच नाहीत. त्या दोन्हीकडे ७० अक्षांशांवर तोडल्या आणि ध्रुवांवर टोपीसारखे दोन गोल कागद वेगळे छापून चिकटवले. बारा पाकळ्या, दोन टोप्या. ही युक्ती पुढे त्यांच्या नकाशाच्या संदर्भातही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आतला गोळा पोकळ असे. कागदाच्या लगद्याचे दोन अर्धे भाग जोडायचे, त्यावर प्लास्टरचा थर द्यायचा आणि तो घासून गुळगुळीत करायचा. कागदी लगद्याच्या गणेशमूर्ती घडवताना पाहिल्या असतील त्यांना हे काम परके वाटणार नाही. गोळा हलका हवा, पण आसावर फिरवला की कुठेही थांबला पाहिजे. एक बाजू जड झाली तर ती सतत खाली येते. मग पाकळ्या चिकटवायच्या. खळ लागली की कागद भिजतो, भिजला की ताणतो आणि एका दिशेला जास्त ताणतो. कारागिराला हे ताणणे आधीच हिशेबात धरावे लागते. नाहीतर बारावी पाकळी चिकटवताना जागाच उरत नाही, किंवा मध्ये पांढरी फट दिसते.

छपाई काळ्या शाईची. रंग मात्र प्रत्येक गोलावर हाताने भरावा लागे. पातळ जलरंग, म्हणजे खालची अक्षरे झाकली जात नाहीत. शेवटी रोगण. लाकडी क्षितिजवर्तुळ आणि पितळी रेखावर्तुळ बसवले की गोल गिऱ्हाइकाकडे जायला तयार. जुने गोल आज तपकिरी दिसतात ते बरेचसे रोगण काळवंडल्यामुळे.

या गोलात नवे काय होते?

हा गोल सम्राट पाचव्या चार्ल्सचे मंत्री निकोलस पेरेनो द ग्रानव्हेल यांना अर्पण केलेला होता. पण मर्केटर यांच्या डोळ्यांपुढे गिऱ्हाईक होते ते दर्यावर्दी. म्हणून त्यांनी गोलावर होकायंत्राच्या दिशांच्या रेषा काढल्या. छापील पृथ्वीगोलावर अशा रेषा पहिल्यांदा आणण्याचे श्रेय या गोलाला दिले जाते.

या रेषा म्हणजे काय? तो काळ लिस्बन आणि गोवा यांच्या दरम्यान पोर्तुगीज जहाजे ये-जा करण्याचा. खुल्या समुद्रात कप्तानाच्या हाती भरवशाचे साधन एकच, होकायंत्र. समजा, त्याने ईशान्य दिशा धरली आणि ती शेवटपर्यंत बदललीच नाही. जहाज सरळ रेषेत चालले आहे, असे त्याला वाटेल. प्रत्यक्षात त्याचा मार्ग गोलावर वळत वळत, गोगलगाईच्या शंखासारखा फिरत ध्रुवाकडे जातो. पोर्तुगीज गणितज्ञ पेद्रो नुनेश यांनी १५३७ मध्ये या विचित्र गोष्टीवर लिहिले होते. मर्केटर यांनी ती तांब्यावर कोरून दाखवली. गोलावर बोट ठेवून कोणालाही तो मार्ग गिरवता येऊ लागला.

याच गोलाला जोड म्हणून त्यांनी १५५१ मध्ये तारकांचा गोल काढला. तोही तेवढ्याच मापाचा. ही जोडी पुढे अनेक वर्षे युरोपभर विकली गेली. इंग्लंडचे विद्वान जॉन डी लुवेनला मर्केटर यांच्याकडे शिकून मायदेशी परतले, तेव्हा मर्केटर यांचे गोलही सोबत घेऊन गेले.

मर्केटर तुरुंगात का गेले?

व्यवसायाचा जम बसत असतानाच १५४४ च्या फेब्रुवारीत मर्केटर यांना अटक झाली. आरोप पाखंडाचा, म्हणजे ल्यूथरच्या विचारांशी जवळीक असल्याचा. लुवेनमधील ४० हून अधिक जणांची नावे संशयितांच्या यादीत होती. मर्केटर त्या वेळी चुलत्यांच्या मागे राहिलेल्या कामांसाठी रुपेलमोंडला गेले होते. ते घरी सापडले नाहीत, म्हणून पळाल्याचा संशय वाढला. जन्मगावच्याच किल्ल्यात त्यांना सुमारे सात महिने कोंडून ठेवण्यात आले.

त्यांच्या पत्रांची झडती झाली, पण ठोस पुरावा मिळाला नाही. लुवेनच्या धर्मगुरूंनी आणि विद्यापीठाने त्यांच्यासाठी रदबदली केली. सप्टेंबरमध्ये सुटका झाली. त्याच खटल्यातील काहींना मात्र मृत्युदंड झाला. मर्केटर यांच्या घरी तेव्हा लहान मुले होती. या सात महिन्यांविषयी त्यांनी पुढे जवळपास मौनच पाळले.

सुटकेनंतर ते पुन्हा कामाला लागले. ज्या सम्राटाच्या राज्यात त्यांना कोंडले होते, त्याच सम्राटासाठी त्यांनी उपकरणे आणि छोटे गोलही बनवले. पण १५५२ मध्ये त्यांनी लुवेन कायमचे सोडले आणि ऱ्हाईन नदीकाठच्या डुइसबुर्ग या जर्मन गावात बिऱ्हाड हलवले. तिथल्या ड्यूकचे धर्माबाबतचे धोरण सौम्य होते. तिथे नवे विद्यापीठ निघणार असल्याचीही चर्चा होती. विद्यापीठ त्यांच्या हयातीत निघाले नाही. मर्केटर यांनी मात्र उरलेली ४२ वर्षे तिथेच काढली.

सपाट नकाशाची गरज का पडली?

डुइसबुर्गमध्ये त्यांनी १५५४ मध्ये युरोपचा १५ पानी भिंतनकाशा काढला. जुन्या ग्रीक भूगोलतज्ज्ञ टॉलेमीने भूमध्य समुद्राची लांबी ६२ अंश धरली होती. मर्केटर यांनी ती ५३ अंशांवर आणली. खरी लांबी त्याहूनही कमी, सुमारे ४२ अंश आहे. पण दीड हजार वर्षांच्या वजनदार नावाला धक्का लावणे सोपे नव्हते. १५६४ मध्ये ड्यूकने त्यांची दरबारी भूगोलतज्ज्ञ म्हणून नेमणूक केली.

गोल अचूक असला तरी जहाजावर त्याची पंचाईत होते. ४२ सेंटीमीटरच्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ३०० किलोमीटर. त्यावर बंदराची वाट काढता येत नाही. मोठा करावा तर जहाजात ठेवायचा कुठे? शिवाय गोलावर पट्टी ठेवून रेघ ओढता येत नाही. कप्तानाला टेबलावर पसरता येईल असा कागद हवा होता. त्यावर होकायंत्राची दिशा सरळ रेघेने दाखवता आली पाहिजे.

मर्केटर यांनी १५६९ मध्ये हे कोडे सोडवले. कसे, ते पाकळ्यांच्या मदतीने समजून घेता येते. बारा पाकळ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडा. विषुववृत्तावर त्या एकमेकींना टेकतात, पण वर आणि खाली त्यांच्यात फटी पडतात. फटी बुजवायच्या तर प्रत्येक पाकळी आडवी ताणावी लागेल. ६० अक्षांशांवर ती दुप्पट ताणावी लागते. पण फक्त आडवे ताणले तर देशांचे आकार चपटे होतात आणि दिशा बिघडतात. म्हणून जिथे जितके आडवे ताणले, तिथे तितकेच उभेही ताणायचे. कोन शाबूत राहतात. त्या शंखासारख्या वळणाऱ्या रेषा सरळ होतात. किंमत मात्र मोजावी लागते. ६० अक्षांशांवर लांबी दुप्पट आणि रुंदीही दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. मुंबईच्या अक्षांशावर हे ताणणे जेमतेम सहा टक्के असते. ग्रीनलँड बहुतांश ६० अक्षांशांच्या उत्तरेला आहे. त्याच्या फुगण्याचे रहस्य एवढेच.

ध्रुवावर तर हे ताणणे अमर्याद होते. तो या नकाशात दाखवताच येत नाही. मग मर्केटर यांनी काय केले? नकाशाच्या कोपऱ्यात उत्तर ध्रुवाचा वेगळा गोल नकाशा जोडला. १५४१ च्या गोलावरच्या टोपीची आठवण करून देणारा. जिथे कागद हट्टाला पेटतो, तिथे त्याच्याशी भांडायचे नाही, तो भाग वेगळा दाखवायचा, हा कारागिराचा शहाणपणा दोन्हीकडे सारखाच दिसतो.

मर्केटर यांनी फसवणूक केली का?

१८ पाने जोडून तयार होणारा हा नकाशा सुमारे दोन मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच होता. तो दर्यावर्दींच्या उपयोगासाठी तयार केल्याचे त्याच्या शीर्षकातच नमूद होते. देशांचे आकारमान तोलण्यासाठी तो नव्हताच. आकारमान पाहायचे तर गोल होता आणि तो मर्केटर स्वतःच विकत होते. नकाशा आणि गोल ही एकाच कारागिराच्या पेटीतील दोन अवजारे होती. पुढच्या पिढ्यांनी गोल बाजूला ठेवला आणि समुद्रावरचा नकाशा उचलून वर्गाच्या भिंतीवर टांगला. घोटाळा झाला तो तिथे.

त्यांच्या नकाशात चुका नव्हत्या असे नाही. उत्तर ध्रुवाभोवती चार मोठी बेटे आणि मधोमध काळा खडक त्यांनी दाखवला. दक्षिणेला अवाढव्य काल्पनिक खंड काढला. प्राचीन ग्रंथांतील गंगा म्हणजे चीनमधील कँटनची नदी असावी, असा तर्कही नकाशावरील मजकुरात मांडला. मर्केटर दर्यावर्दी नव्हते. जगाची माहिती ते पत्रांतून, ग्रंथांतून आणि इतरांच्या नकाशांतून गोळा करत. त्या माहितीत भेसळ असली की ती कागदावरही उतरे.

त्या नकाशाचा लगेच बोलबाला झाला नाही, हेही खरे. ताणण्याचे नेमके प्रमाण कसे काढायचे, हे मर्केटर यांनी उलगडून सांगितले नव्हते. इंग्रज गणितज्ञ एडवर्ड राइट यांनी १५९९ मध्ये त्याचे गणित मांडले. त्यानंतर हळूहळू जहाजांवर हा नकाशा रुळला. तोवर मर्केटर हयात नव्हते.

ॲटलास हा शब्द कुठून आला?

उतारवयात मर्केटर यांनी सगळ्या जगाचे वर्णन एका ग्रंथमालेत करण्याचा घाट घातला. नकाशांचे भाग १५८५ आणि १५८९ मध्ये निघाले. दरम्यान घरावर आघात होत होते. मुलगा बार्थोलोमेउस आधीच गेला होता. १५८६ मध्ये पत्नी बार्बरा आणि १५८७ मध्ये थोरला मुलगा अर्नोल्ड यांचे निधन झाले. १५९० मध्ये मर्केटर यांना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. तरीही काम सुरूच होते. २ डिसेंबर १५९४ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे डुइसबुर्गमध्ये निधन झाले.

धाकटा मुलगा रुमोल्ड याने १५९५ मध्ये १०० हून अधिक नकाशांचा तो ग्रंथ प्रकाशित केला. त्याचे नाव ॲटलास. नकाशांच्या पुस्तकाला ॲटलास म्हणण्याची पद्धत इथून पडली. खांद्यावर आकाश पेलणारा ग्रीक पुराणातील ॲटलास अनेकांना माहीत असतो. मर्केटर यांच्या मनात मात्र दुसराच ॲटलास होता. तो मॉरितानियाचा विद्वान राजा. दंतकथा अशी, की पहिला खगोल त्यानेच बनवला. नकाशांच्या या महाग्रंथाला नाव देतानाही मर्केटर यांना आठवला तो गोल बनवणारा माणूसच.

घरी असा गोल करून पाहता येईल का?

नक्कीच. सुटीत मुलांना सोबत घेऊन करण्यासारखे हे काम आहे. फुगा टाळा, तो अंड्यासारखा लांबट होतो. साधारण ११ सेंटीमीटर व्यासाचा प्लास्टिकचा चेंडू घ्या. त्याला तेलाचा हात लावा आणि वर्तमानपत्राचे तुकडे खळीत बुडवून सहा-सात थर द्या. दोन थरांनंतर पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात जास्त वेळ लागेल. मग मधोमध कापून दोन वाट्या सोडवा, कागदी पट्टीने पुन्हा जोडा, वरून पांढरा पातळ लेप द्या आणि बारीक पॉलिश पेपरने घासा.

आता महत्त्वाचे. चेंडूचे नव्हे, तयार झालेल्या गोळ्याचे माप घ्या. समजा घेर ३६ सेंटीमीटर भरला. मग हिशेब फारच सोपा. एक सेंटीमीटर म्हणजे १० अंश. प्रत्येक पाकळी १८ सेंटीमीटर लांब आणि मध्ये तीन सेंटीमीटर रुंद. ३० अक्षांशांवर रुंदी २.६, ६० अक्षांशांवर १.५ आणि ७० अक्षांशांवर साधारण एक सेंटीमीटर. ७० च्या पुढे पाकळ्या तोडा आणि टोपी वेगळी करा. रेषा पाण्याने न फुटणाऱ्या शाईने काढा. गोळ्यावर विषुववृत्त आणि बारा रेखावृत्ते आधी आखून घ्या आणि प्रत्येक पाकळी मधून टोकांकडे चिकटवत जा. रंग शेवटी, तोही पातळ.

भारत ६० ते ९० पूर्व रेखांशांच्या पाकळीत आणि थोडा शेजारच्या पाकळीत येईल. उंची सुमारे २.९ सेंटीमीटर, रुंदी सुमारे २.६. मग गोल फिरवून ग्रीनलँड काढायला घ्या. पाकळ्या तिथे निमुळत्या झालेल्या असतील. लांबी जेमतेम सव्वादोन-अडीच सेंटीमीटर आणि रुंदी एक सेंटीमीटरहून थोडी जास्त, एवढीच जागा त्याला मिळेल. भिंतीवरच्या नकाशातील अवाढव्य ग्रीनलँड तिथे मावणारच नाही. ते का मावत नाही, हे मग मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.